जान्याच्या नावावरची कॅडिलॅक

दापोड्याच्या गोदामांमागे टेकाडावर वारल्यांचा एक पाडा आहे. उंबरे असतील पस्तीसेक. त्या पस्तीस उंबऱ्यांत मिळून तीन मोटारसायकली, एक बंद पडलेली रिक्षा आणि एक कॅडिलॅक. हसताय काय? सरकारदरबारी तशी नोंद होती. एकोणीसशे छप्पन सालची, अमेरिकेत बनलेली, कापडी टपाची, अठरा फूट लांब गाडी. मालकाचं नाव जान्या, राहणार कुडाच्या झोपडीत. त्या गाडीला हात लावायचा तर मालकाला आधी हात धुवावे लागत, आणि चालवायची म्हटलं तर मालकाकडे लायसनच नव्हतं.

गाडी आली कुठून, हे जान्याला तोंडपाठ होतं. कोणी विचारो न विचारो, तो सांगायचाच. पहिला मालक काठेवाडातला एक राजा. राज्य तर तेव्हा गेलंच होतं, पण तनखा चालू होता, म्हणून त्याने ही बोटीतून मागवली. त्याच्या पोराने ती मुंबईच्या एका सिनेमावाल्याला विकली. सिनेमावाल्याने तिच्यात नट्या बसवून फोटो काढले, पुढे त्याचं दिवाळं वाजलं. मग ती भिवंडीच्या एका लूमवाल्या शेठकडे आली. शेठने घरच्या चार लग्नांत ती मिरवली, पाचव्या लग्नाला इंजिन बसलं ते बसलंच. पुढची वीस वर्षं ती लूमच्या शेडमध्ये चिंध्यांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती. लूम बंद झाले, शेड केसरीनाथने घेतली, आणि म्हशीबरोबर दावं यावं तशी गाडी आली.

केसरीनाथ म्हणजे दापोड्यातली बडी असामी. बापाने भात लावलं त्या जमिनीत याने गोदामं लावली. गळ्यात बोटाएवढी साखळी, दारात दोन पांढऱ्या गाड्या, तोंडात सदा गोडवा. गठ्ठे बाजूला झाले आणि खालून ते गंजकं धूड निघालं, तेव्हा लोक म्हणाले भंगारात घाला. केसरीनाथच्या मनात मात्र भरलं, की एवढी गाडी आपल्या पोराच्या वरातीला उभी राहिली पाहिजे. त्याने जान्याला बोलावलं.

जान्या तेव्हा कोन गावात एका डेंटरकडे होता. टेम्पोंचे चेपलेले गाल ठोकून सरळ करायचे, हे त्याचं काम. शाळा चौथीपर्यंत, पण पत्र्याच्या बाबतीत त्याच्या हाताला डोळे होते. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मागचे ते माशासारखे पंख चाचपले, आणि म्हणाला, व्हईल. झाली. अकरा वर्षं लागली. सीटमध्ये उंदरांची सात पिढ्यांची वस्ती होती, तळाचा पत्रा पापडासारखा तुटायचा. तसला पत्रा बाजारात मिळतो कुठे? जान्याने वाळूच्या पोत्यावर साधा पत्रा ठेवून लाकडी हातोडीने एकेक वळण काढलं. इंजिनाला मुंबईचा मिस्त्री दोनदा येऊन गेला, टप एका ताडपत्री शिवणाऱ्याने शिवला. बाकी नखाएवढा तुकडा असा नव्हता ज्याला जान्याचा हात लागला नाही. शेवटी मोतिया रंग चढला तेव्हा तो तिच्या बॉनेटमध्ये तोंड बघून भांग पाडायचा. बायकोचं तोंड एवढं निरखून कधी बघितलं होतं की नाही, देव जाणे.

आता ती त्याच्या नावावर कशी झाली? भाऊबंदकीने, दुसरं काय! केसरीनाथच्या धाकट्या भावाने वाटणीचा दावा लावला. गोदामं मागितली, बंगला मागितला, आणि नुसती खुन्नस म्हणून गाडीही मागितली. केसरीनाथने वकिलाला विचारलं आणि दावा कोर्टात उभा राहायच्या आत गाडी दुसऱ्याच्या नावावर टाकली. असा माणूस निवडला की जो उद्या ‘माझी’ म्हणायची हिंमत करणार नाही. जान्याने तीन ठिकाणी सह्या केल्या. केसरीनाथ पाठीवर थाप मारून म्हणाला, आजपासून गाडी तुझी रं, जान्या शेठ. सगळी शेड हसली. जान्याही हसला, पण घरी जाताना त्याने त्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाशाला बांधली.

तेव्हापासून त्याची चाल बदलली. राजा पहिला, सिनेमावाला दुसरा, लूमवाला तिसरा, केसरीनाथ चौथा आणि पाचवा आपण, असं तो बोटांवर मोजून सांगायचा. पाड्यातली पोरं ‘शेठ’ म्हणून चिडवायची आणि या येड्याला ते गोड लागायचं.

त्याची सखी मात्र वेगळ्याच गोष्टीवर डोळा लावून बसली होती. तिला घर पाहिजे होतं, विटांचं, वर पत्रा असलेलं. एवढंच. बावीस वर्षं ती कुडाच्या झोपडीत पावसाळे काढत होती. कारवीच्या भिंती शेणाने लिंपायच्या, आषाढात त्या गळून पडायच्या, परत लिंपायच्या. एका पावसाळ्यात भिंत रात्रीची कोसळली ती त्यांच्या धाकट्या पोरावर. पोर तीन वर्षांचं होतं, ते गेलं. त्यानंतर सखीने घरकुलाच्या यादीसाठी ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. दिवसा गोदामात खोकी चढवायची, संध्याकाळी येताना ओढ्यातला एक दगड डोक्यावर आणायचा. असे नऊ वर्षांचे दगड. त्यातून तिने झोपडीशेजारी घराचं जोतं रचून ठेवलं होतं. त्यावर बसून तिची पोरगी मनिषा अभ्यास करायची.

आणि एक सांगायला पाहिजे. जान्या आणि सखी यांचं लग्न लागलेलं नव्हतं. पाड्यात त्यात काही वावगं नाही. पोरगी आवडली, घरी आली, नांदायला लागली. हळद, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी, भिंतीवर चौक, पाड्याला जेवण हे सगळं ऐपत येईल तेव्हा. नियम एकच: पोरांचं लग्न निघालं की त्याआधी आईबापाचं लागलं पाहिजे. एकाच मांडवात सकाळी आईबाप नवरानवरी, दुपारी पोर. सखी चेष्टेने म्हणायची, मनिषासाठी एक साडी घेऊ तेव्हा माझ्यासाठीबी एक घे.

नऊ वर्षांनी यादीत सखीचं नाव आलं. पंधरा दिवसांत परत कटलं. कुटुंबाच्या नावावर चारचाकी आहे, असा शेरा. ग्रामसेवकाने मोबाइलवर गाडीचा नंबर दाखवला आणि विचारलं, बाई, कॅडिलॅकवाल्यांना घरकुल कशाला पाहिजे? सखी घरी आली, वाशाची पिशवी सोडली, ती झेरॉक्स जान्याच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, “शेठला सांग, नाव काढ. मला घर पायजे.”

जान्या गेला. केसरीनाथ नाश्ता करत होता. ऐकून घेतलं आणि, आता हे नीट ऐका, तो लगेच हो म्हणाला. त्याला काय, कागदावर कुणीही चाललं असतं. म्हणाला, मग कुमारच्या नावावर करतो, सोमवारी येऊन सही कर. कुमार म्हणजे त्याचा टेम्पो ड्रायव्हर. कल्याण नाक्यावर पक्क्या चाळीतला खोलीवाला, त्याला ना घरकुल पाहिजे होतं ना रेशन. किती सोपं होतं! एक सही, आणि सखीचं घर उभं.

पण जान्याचं मन तिथेच अडलं. कुमार? ज्याने तिच्या अंगावरून साधं फडकं फिरवलं नाही तो? राजा, सिनेमावाला, लूमवाला, केसरीनाथ आणि कुमार? अकरा वर्षं पत्रा ठोकून कानात कायमची शिट्टी बसली ती कुणाच्या, कुमारच्या? तो तिथे उभ्याउभ्याच म्हणाला, राहूंदे शेठ, घाई न्हाय, बघतो दुसरं कायतरी. केसरीनाथने खांदे उडवले आणि पुढचा पाव उचलला. जान्या टेकाड चढून घरी आला आणि सखीला म्हणाला, शेठ न्हाय म्हणतो, केस संपल्याबिगर नाव हलत न्हाय.

सखीने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? शेठलोक नाहीच म्हणतात.

मग ग्रामसेवकानेच वाट काढली. भला माणूस होता, की फाइल निकाली काढायची होती, कोण जाणे. म्हणाला, तुमचं लग्न लागलेलं नाही ना? मग सखीबाई एकटी बाई दाखवू. गाडीवाला वेगळा, बाई वेगळी. फक्त ग्रामसभेत जान्याने उठून सांगायचं की आमचा संबंध नाही. घर पुरं होऊन सरकारला शेवटचा फोटो जाईपर्यंत त्याने तिथे दिसायचं नाही. सखीला ते आवडलं नाही. रात्रभर बसून राहिली. सकाळी म्हणाली, एवढंच बोल, लगीन न्हाय झालं, येगळं ऱ्हातो. जास्त बोलू नको. जान्या म्हणाला, बरं.

ग्रामसभा भरली शाळेच्या पटांगणात. शंभरेक माणूस होतं, दापोड्याचे लोकही होते, केसरीनाथ पुढच्या खुर्चीवर. सखी बायकांत, मनिषा तिच्यामागे. जान्या उठला आणि सांगितलं तेवढं बोलला. तिथेच बसायचं होतं. पण कोणीतरी मागून ओरडलं, काय शेठ, कॅडिलॅक मिळाल्याव बायको जुनी झाली का? लोक हसले. हसणं ऐकलं की जान्याचं डोकं फिरायचं, हे जुनंच दुखणं. तो म्हणाला, बायको कुठली, भात कापायला आलेली, गेलीच न्हाय परत. आणखी हसले. केसरीनाथसुद्धा पोट धरून हसला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग एका मेंबरने खरोखरच विचारलं, अरे पण पोरगी आहे ना तुझी?

“पोरीचं मला काय इचारता?” जान्या म्हणाला. “तिच्या आयशीला इचारा, तिला ठावं असंल.”

पटांगण खदाखदा हसलं. ग्रामसेवकाने मान खाली घालून ते शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. जान्याने खाली सही केली. मनिषा उठून निघून गेली. सखी शेवटपर्यंत बसली, कारण तिला ठरावाची नक्कल पाहिजे होती.

संध्याकाळी जान्या म्हणाला, अगं, खरं वाटाया नको का? म्हणून बोललो. सखी म्हणाली, बरं. त्याचं अंथरूण गुंडाळून तिने त्याच्या हातात दिलं.

जान्या गाडीच्या शेडमध्ये झोपायला गेला. सखी रोज कामावर जाताना फडक्यात बांधलेली भाकरी शेडच्या दाराशी ठेवायची. वर टेकाडावर जोत्यावर विटा चढत होत्या. वाळू-सिमेंट वर नेणारा टेम्पो कुमारचाच. एक दिवस वाळू ओतता ओतता त्याने सहज विषय काढला. म्हणाला, वहिनी, तुमचा माणूस येडा. शेठ गाडी माझ्या नावाव करीत होता, सोमवारी बोलावलंपण होतं, यानेच न्हाय म्हणून सांगितलं. तेव्हाच सही केली असती तर सभेत एवढा तमाशा कशाला झाला असता? सखीने घमेलं खाली ठेवलं. त्याला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. तो सोमवार कुठला, तेही विचारलं. मग घमेलं उचललं आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दाराशी भाकरी आली नाही. जान्याला वाटलं, बाई घरबांधणीत गुंतली. तो नाक्यावर वडापाव खायला लागला.

पावसाळा सरला आणि केसरीनाथच्या भावांची तडजोड झाली. धाकट्याने एक गोदाम घेतलं, गाडीचं नावही काढलं नाही. लगेच केसरीनाथचा मुलगा भावेश कागद घेऊन शेडमध्ये आला. हा भावेश जिमचा, गोऱ्या दंडावर वाघ गोंदलेला. त्याला मुंबईत जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तिथे कॅडिलॅक न्यायची होती. जान्याने सही करण्याआधी एकच मागितलं. तिथे गाडीपुढे पाटी लावतात ना, आधी कोणाकोणाची होती त्याची, तिच्यावर माझं नाव टाका. पाचवा मालक म्हणून. भावेश म्हणाला, अरे टाकणार म्हणजे काय, पहिला तुझाच फोटो टाकतो. जान्याने सही केली.

मेळ्याला त्याला सोबत नेलं, कारण पुसायला माणूस पाहिजे होता. जान्याने पहाटेपासून क्रोम घासलं. मग पाटी आली, काचेची, सोनेरी अक्षरांची. जान्याने अक्षर अक्षर लावून वाचली. राजा होता. सिनेमावाला होता. लूमवाला शेठ होता. चौथा केसरीनाथ आणि पाचवा भावेश. खाली एक जास्तीची ओळ होती: गाडीचा पुनर्जन्म स्वतः भावेश यांच्या देखरेखीखाली. गाडीला रंग चढला तेव्हा भावेश दहावीत दुसऱ्यांदा नापास झालेला होता. पाटीपुढे एक सुटाबुटातलं म्हातारं जोडपं उभं होतं. जान्या त्यांना सांगायला गेला की मधी एक नाव ऱ्हायलंय, ही माझ्या नावाव व्हती, कागद हाय माझ्याकडे. म्हातारी दोन पावलं मागे सरली. भावेशने नुसती मान हलवली आणि सिक्युरिटीवाल्याने जान्याच्या दंडाला धरून त्याला पार्किंगपर्यंत पोचवलं. गाडीला दुसरं बक्षीस मिळालं, ते त्याला दोन दिवसांनी कळलं. पुढच्याच आठवड्यात गाडी बंगल्यात काचेच्या खोलीत गेली. पांढरे हातमोजे घालून पुसणारा माणूस मुंबईहून ठेवला. शेडला भाडेकरू मिळाला आणि जान्याचं अंथरूण बाहेर आलं.

पण जान्या फार खचला नाही. का खचावं? घर पुरं झालं होतं, शेवटचा फोटो गेला होता, गाडी नावावरून उतरली होती. आता वर जायला कोण अडवणार? आणि त्याच महिन्यात मनिषाचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. त्याला आमंत्रण नव्हतं, पण बापाला कशाचं आमंत्रण? उलट तो मनात खूश झाला. पोरीची हळद आईबापाच्या हळदीशिवाय लागत नाही. सखी कितीही रुसलेली असू दे, पाटावर आपल्याला बसवल्याशिवाय तिचं चालणार नाही. त्याने भिवंडीच्या बाजारातून दोन साड्या घेतल्या, एक पोरीला, एक सखीला. दाढी केली आणि लग्नाच्या सकाळी टेकाड चढला.

घर छान झालं होतं. विटांच्या भिंतीवर गेरू फासून बायका तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या. मांडवात पाट मांडलेला. जान्याने साड्या धवलेरीच्या पुढ्यात ठेवल्या आणि सरळ जाऊन पाटावर बसला. पाड्याची म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यातल्या सर्वांत वयस्कराने घसा खाकरून सांगितलं, तेही वाईट न वाटावं अशा आवाजात, की सभेत शंभर माणसांपुढे तू बोललास, पोरगी तुझी न्हाय. ते आम्ही ऐकलं, मुलाकडच्यांनीही ऐकलं. बाप न्हाय त्या पोरीच्या लग्नाआधी आयशीचं लगीन लागत न्हाय, तिला मामा देतो. तवा ऊठ, तिथं पंढरीला बसायचं हाय. पंढरी, सखीचा भाऊ, पिवळं धोतर नेसून बाजूला उभाच होता.

जान्या उठला. तो सखीकडे गेला आणि म्हणायला लागला, ते सगळं घरासाठी केलं, तुझ्यासाठी केलं, शेठ नाव काढत नव्हता म्हणून केलं. सखीने त्याला पुरतं बोलू दिलं. मग आवाज न चढवता विचारलं, “कुमारच्या नावाव का न्हाय दिलीस?”

जान्याला खोटं सुचलं नाही. कधी नव्हे ते खरं बोलला. “त्या गाडीवर माझं नाव व्हतं, सखे.”

“या घरावर माझं हाय,” सखी म्हणाली, आणि चौकाचं तांदळाचं पीठ खाली सांडलं होतं ते भरायला बसली.

पंढरी पाटावर बसला. धवलेरीने गाणं धरलं. मनिषाला बाहेर आणलं तेव्हा ती जान्याच्या अगदी शेजारून गेली. त्याच्या अंगाला अंग लागू नये म्हणून तिने नव्या साडीचा पदर आवरून घेतला. जान्या मांडवाच्या कडेला मुलाकडच्या पुरुषांत जाऊन बसला. दुपारी पंगत पडली, त्याच्यापुढेही पत्रावळ आली, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून तो जेवला.